पंचवीस ग्रॅम दाब

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे असताना आकडेवाला, म्हणजे संस्थेतल्या मापांचा हिशेब ठेवणारा, तिला म्हणाला, "ताई, चौदा नंबरला तुमचा हात हलका पडतो." म्हणाला तोही कसा, तर बाहेर गारठा वाढलाय म्हणावं तसा, हातातल्या कपाचं झाकण नीट बसवता बसवता. ती "हो का?" म्हणाली. चौथ्या मजल्यावर दार उघडलं, तो बाहेर पडला, दोन पावलं गेला, वळला, आणि तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो ते त्याच्या चेहऱ्यावर उमटलं. "हे मी सांगायला नको होतं," तो म्हणाला. "निदान आजचा नंबर तरी." दार मिटलं. पाचव्या मजल्यापर्यंत ती एकटीच होती. आरशात बघायचं नाही असं तिनं ठरवलं आणि मजल्यांच्या बटणांकडे बघत राहिली. साडेआठ वाजले होते. अकराला मापं होती, आणि आजच्या मापांत चौदा नंबर होता हे तिला आता ठाऊक झालं होतं. ठाऊक असायला नको होतं.

गेली अकरा वर्षं ती माकडांच्या हिरड्या मोजत होती. कुणी विचारलंच तर ती "संशोधन संस्थेत आहे" एवढंच सांगायची. पुढचं सांगायला लागलं की ऐकणाऱ्याचा हात आपसूक स्वतःच्या गालावर जायचा. तिच्या नवऱ्याला मात्र भारी हौस. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमच्या घरी तेवढ्यावरच भरतं, हे तो दर पाहुण्याला सांगायचा आणि पाहुणा हसायचा. काम खरं तर सोपं होतं, आणि सोपं असल्यामुळेच दमवणारं. माकडालाही माणसासारखे बत्तीस दात. ठरावीक दाढांच्या मुळाशी रेशमाचा दोरा बांधायचा, जेवण भिजवून मऊ द्यायचं, म्हणजे दोऱ्याभोवती घाण साठते आणि तिच्यात जंतू घर करतात. हे जंतू मोठे मानी, हवा लागली की मरणारे, म्हणून दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत खोल खोल जाऊन राहणारे. जंतू खाली उतरतात तशी हिरडी दातापासून सुटत जाते, फट वाढते, आणि आतलं हाड झिजतं. माणसांचं जे होतं तेच, फक्त माणसांना वीस वर्षं लागतात आणि इथं आठ महिने. मग औषध द्यायचं आणि बघायचं, फट थांबते का. फट मोजायला एक बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात, तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा असतात. ती दाताला लावून खाली सोडायची, जिथे टेकेल तिथला आकडा मोठ्यानं म्हणायचा. एका दाढेच्या सहा जागा. तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. लिहिणारा लिहितो. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी जिना चढतानाही ती पायऱ्या तशाच मोजायची आणि कधीकधी वरच्या पायरीवर पाय ठेवताना टेकला का टेकला नाही याची खात्री करून घ्यायची.

मोजणाऱ्याला माकड कुठलं ते कळू द्यायचं नाही, हा नियम. भूल दिलेलं जनावर आधीच टेबलावर आणून ठेवतात, अंगावर आणि डोळ्यांवर हिरवं कापड, नंबराची पट्टी झाकलेली, उघडं फक्त तोंड. लिहिणाऱ्याच्या कागदावरही भलतेच अंक असतात. कुठला अंक कुणाचा, ते फक्त आकडेवाल्याला माहीत. नियम चांगला होता, त्यात काही खोट नव्हती, एवढंच की तो करणाऱ्यांनी तोंडं पाहिली नव्हती. अकरा वर्षांत तोंड ओळखू येत नाही असं होतं का? एकाची टाळू काळपट, एकाचा खालचा दात आडवा, एकाच्या वरच्या सुळ्याचा टवका उडालेला. ओळख पटायची, पण ती दाखवायची नाही, नको असलेला माणूस समोरून आला की आपण दुकानाच्या काचेत बघायला लागतो तसं ती करायची. सुळ्याचा टवका उडालेली ती चौदा नंबर. हे तिला माहीत होतं आणि नव्हतं. आज सकाळपर्यंत तरी या दोहोंच्या मधे कुठे तरी तिचं बरं चाललं होतं.

तिनं कोट अडकवला, रबरी बूट घातले, हात धुतले. आकडेवाला काय म्हणाला ते तिनं पुन्हा मनात म्हणून पाहिलं. हलका पडतो. म्हणजे इतर सगळ्या माकडांत तिचे आकडे आणि धाकट्या डॉक्टरचे आकडे जुळतात. धाकटा डॉक्टर म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेला दुसरा मोजणारा. आणि एकट्या चौदाला, डाव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेला, तो पाच म्हणतो आणि ती चार. तीनदा. एकदा झालं असतं तर माशी शिंकली म्हटलं असतं. तीनदा म्हणजे हात बोलतोय. आणि चार की पाच हा काही एका मिलिमीटरचा मामला नव्हता. संस्थेच्या समितीनं लिहून ठेवलं होतं: प्रयोगाच्या शेवटी ज्यांची फट पाच किंवा जास्त, ती जनावरं शुक्रवारी मारायची, जबड्याच्या कापांसाठी; हाड आतून किती झिजलं ते कापूनच कळतं. बाकीची शहराबाहेरच्या आवारात, जिथे झाडं होती आणि त्यांच्या तोंडात पुन्हा कुणी काही घालणार नव्हतं. दोन मोजणाऱ्यांत फरक पडला तर जुन्या मोजणाऱ्यानं सगळ्यांसमोर पुन्हा मोजायचं आणि तेच शेवटचं धरायचं, हाही नियमच. जुनी मोजणारी तीच. आज ती चार म्हणाली तर चौदा नंबर आवारात जाईल आणि तिचा हात बिघडला अशी नोंद तिच्या नावापुढे होईल, अकरा वर्षांचे आकडे पुन्हा तपासायला निघतील, पुढची मापं धाकटा डॉक्टर घेईल. पाच म्हणाली तर यातलं काही होणार नाही, फक्त शुक्रवारी चौदा नंबर जाईल. तिला राग आला तो आकडेवाल्याचा. कप धरता येतो, जीभ धरता येत नाही.

बिघडलेला हात तिनं एकदा पाहिला होता. तिचे वडील शिंपी होते. माप घेताना ते फीत लावून आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि ती वहीत लिहायची. तिचा पहिला धंदाही तोच, दुसऱ्याच्या अंगाचे आकडे ऐकायचे. बाबांचा आकडा म्हणजे आकडा. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं तर ते फीत तशीच धरून गप्प उभे राहायचे, कधी तरी श्वास सोडावाच लागतो. आई आजारी पडली त्या वर्षी थंडीच्या आधी बाबांनी तिच्यासाठी कोट शिवायला घेतला. आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. बाबांनी छातीभोवती फीत घेतली आणि म्हणाले, "छत्तीस." ती बारा वर्षांची होती, तिचे डोळे नेमके फितीच्या उंचीवर होते. फीत एकतीसवर मिटली होती. तिनं छत्तीस लिहिलं. मग खांदा, मग बाही, मग कंबर, सगळे आकडे मागच्या वर्षीचे. आई ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काही तरी आलं होतं. कोट झाला, आईनं घातला, आणि तो खांद्यावरून घसरला. आई बाहीत हरवलेला आपला हात शोधत बसली आणि म्हणाली, "तुमचा हात गेला हो." बाबा म्हणाले, "कापड ढिलं निघालं." पण आईला कळलं. फितीवरून कळलं नसतं ते कोटावरून कळलं. पुढे कितीतरी वर्षं ती बाबांवर चिडून होती. खोटं बोलले म्हणून नव्हे; खोटं तिच्याकडून लिहवून घेतलं म्हणून.

हात धुवायच्या जागी काका होता. काका म्हणजे जनावरांची देखभाल करणारा; सगळे त्याला काकाच म्हणायचे, त्याच्याहून मोठेसुद्धा. तो बादल्या विसळत होता. तो कुणाचेही नंबर घेत नसे, त्याची स्वतःची नावं होती. एक मामलेदार होता, एक रडी होती, आणि चौदा नंबरला तो आत्याबाई म्हणायचा, कारण ती सगळ्यांकडे पाठ करून बसायची आणि तरी कुणी काय खाल्लं ते तिला माहीत असायचं.

"आत्याबाई सकाळपासून रुसलीय," तो म्हणाला. "भूल द्यायची म्हणून उपाशी ठेवली ना. मी गेलो तर बघितलंसुद्धा नाही."

"काका, मला कुठली कुठली आज आहेत ते सांगायचं नसतं," ती म्हणाली.

"मी कुठे सांगतोय? मी आपलं रुसवा सांगतोय." त्यानं बादली उपडी घातली. "शुक्रवारच्या यादीत नाही ना ती?"

"यादी मी करत नाही."

"तसं तर मीही काही करत नाही. मी नुसता पिंजरा उघडतो," काका म्हणाला आणि हात पुसत निघून गेला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

बाबा गेले ते साल तिला आठवलं. तेव्हा दुपारच्या सुट्टीत ती माकडांच्या वॉर्डात जाऊन उपड्या बादलीवर बसायची. तिथं कुणी "कशा आहात?" विचारत नसे. एकदा चौदा नंबरनं गजांतून हात काढून तिची बाही धरली. ती ओढून घेणार होती, घ्यायलाच हवी होती, तोही नियम होता. पण ती इतकी दमली होती की बाही सोडवून घेण्याएवढाही उत्साह नव्हता. माकडानं बाही उलटी केली, शिवणीतला सुटलेला धागा काढला, तोंडात घालून पाहिला, टाकला. मग मनगट. मनगटावरचा एकेक केस बाजूला करून, दिव्याच्या उजेडात धरून, सावकाश. काही मिळत नव्हतं, पण शोधणं चालूच होतं. अर्धा तास. त्या दिवसांत सांत्वनाला माणसं आली होती, खांद्यावर हात ठेवून गेली होती, कुणाचाही हात चहा निवण्याइतका वेळ तिथं राहिला नव्हता. ती रडली नाही. तिला झोप आली, बसल्याबसल्या. नंतर ती पुन्हा तिथं गेली नाही, कारण पुन्हा जावंसं वाटत होतं. आणि पाच वर्षांनी याच माकडाच्या दाढेला तिनंच दोरा बांधला. रेशीम मऊ असतं, पण गाठ घट्ट मारावी लागते, नाही तर ती जिभेनं सोडवतात. तेव्हा तिचा हात हलका पडला नव्हता. मग आता कशाला पडतो? की हात मनाच्या मागून येतो, वरात निघून गेल्यावर घोडं यावं तसा? तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. पन्नाशीला टेकलेला, पाण्यानं सुरकुतलेला साधा हात. तो तिला न विचारता काही करत असेल ही कल्पना तिला सहन होईना. दया करायची तर मी करीन. तू कोण?

अकराला दहा मिनिटं असताना ती मापाच्या खोलीत गेली. धाकटा डॉक्टर आधीच आला होता. चांगला मुलगा होता, आदब असलेला, तिच्यासमोर पहिले सहा महिने तो खुर्चीत टेकूनसुद्धा बसला नव्हता. त्याच्या हातात जोर होता, तो त्याला कळत नसे, दार लावलं की काच हलायची. लिहिणारा कोपऱ्यात तक्ता घेऊन बसला होता, निवृत्तीला चार महिने राहिलेला, चष्मा कपाळावर. टेबलावर हिरव्या कापडाखाली काहीतरी सावकाश वरखाली होत होतं. आकडेवालाही आला होता. त्यानं यायचं नसतं, पण आज शेवटचं माप म्हणून दाराशी उभा होता आणि तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

सुरुवातीला दोघांनी काट्यावर हात दाखवायचा असतो. एक छोटा वजनकाटा, त्यावर प्रोबचं टोक टेकायचं, आणि मोजताना जेवढा दाबता तेवढंच दाबायचं. पंचवीस ग्रॅम. त्याहून हलकं तर सळई तळाशी पोचत नाही, त्याहून जड तर तळ फोडून पुढे जाते. धाकट्या डॉक्टरनं टेकवलं. सत्तावीस, सव्वीस, अठ्ठावीस. चालण्यासारखं होतं. तिनं टेकवलं. पंचवीस. पुन्हा पंचवीस. पाच वेळा पंचवीस. आकडेवाला पुढे वाकून बघत होता. "काट्यावर तर बरोबर आहे," तो पुटपुटला, आणि त्यातल्या 'तर'नं तिच्या मनात पाल चुकचुकली. काटा लोखंडाचा असतो. सुजलेली हिरडी म्हणजे भिजलेल्या कागदासारखी, तिला तळ असतो आणि नसतो. अठ्ठावीस ग्रॅमनं ती पाच म्हणते, पंचवीसनं चार म्हणते, आणखी दाबलं तर सहाही म्हणेल. मार बसला की माणूस काहीही कबूल करतो त्यातलाच प्रकार. म्हणजे धाकट्या डॉक्टरचं पाच हे जोराचं असू शकेल. म्हणजे आपलं चार खरं असेल. तिला क्षणभर हलकं वाटलं, आणि लगेच तिला बाबांचा आवाज ऐकू आला, कापड ढिलं निघालं. असंच वाटत असणार त्यांनाही. खोटं बोलणाऱ्याला कापड ढिलंच दिसतं. पण मग इतर माकडांच्याही हिरड्या सुजलेल्याच होत्या, तिथं का नाही फरक पडला? तिथं तर दोघांचं जुळलं होतं. अकरा वर्षं जिच्यावर विसंबून काढली ती एकच गोष्ट, टेकलं की कळतं, ती आता तिला कळेनाशी झाली होती.

"करू या, ताई?" धाकटा डॉक्टर म्हणाला.

तिनं दिवा ओढून घेतला. तोंड उघडलेलं होतं, जीभ बाजूला धरलेली. टवक्याचा सुळा दिसलाच. वास आला, हवा लागली की मरणाऱ्यांचा तो कुजका गोडसर वास, जो तिच्या केसांत घरापर्यंत यायचा. आधी कागदाची काडी फटीत घालून ओलावा टिपायचा, ती बाटलीत बंद करून खाली जंतूवाल्यांकडे पाठवायची. तिनं ते केलं. मग प्रोब घेतला. उजवी बाजू आधी, जिथे दोरा नव्हता. दोन, दोन, तीन. दोन, तीन, दोन. लिहिणारा लिहीत होता, त्याच्या पेन्सिलीचा आवाज तिला बरा वाटत होता. सगळी उजवी बाजू झाली. मग डावी. मग ती दाढ.

आतल्या बाजूच्या तीन जागा झाल्या. बाहेरचा मागचा कोपरा तीन. मधली जागा तीन. पुढच्या कोपऱ्यावर तिनं टोक ठेवलं आणि खाली सोडलं. सळई उतरली, एक खूण, दोन, तीन, चौथी हिरडीच्या काठाशी येऊन थांबली. टेकलं. अगदी स्वच्छ टेकलं. तिला तळ लागल्याचं बोटाच्या पेरापर्यंत कळलं, नेहमी कळायचं तसं, आणि त्यात दया नव्हती, चौदा नंबर नव्हता, बाही नव्हती. होती फक्त पंचवीस ग्रॅमची एक टोकदार जागा. चार. हात खरं बोलत होता. तिला इतका आनंद झाला की तिनं श्वास सोडला.

खोलीत सगळे वाट बघत होते. ती आकडा म्हणायला नेहमी वेळ लावत नसे, आता लागला होता, आणि तो वेळ सगळ्यांना ऐकू येत होता. तिनं मान वर केली नाही, तरी दाराशी उभ्या असलेल्या आकडेवाल्याचा चेहरा तिला दिसला. चार म्हटलं की तो चेहरा कसा होईल तेही दिसलं. तो काही बोलणार नाही, मान हलवेल, समजून घेतल्यासारखी. बिचाऱ्या ताई. सगळे समजून घेतील. काकाला आनंद होईल आणि तो तिला दुवा देईल, जी केलीच नाही त्या दयेबद्दल. धाकटा डॉक्टर आणखी आदबीनं वागेल. घरी नवरा म्हणेल, बरं झालं, किती दिवस दात कोरणार. चार खरं होतं आणि ते खरं आहे हे जगात एकट्या तिला माहीत होतं, आणि ते सिद्ध करायला तिच्याजवळ त्या हाताशिवाय काही नव्हतं, ज्या हातावर आता कुणाचा भरवसा राहिला नव्हता. ती फार दमली होती. मऊ मनाची बाई म्हणवून घेत चार महिने, चार वर्षं याच खोलीत उभं राहायचं त्राण तिच्यात नव्हतं.

तिनं दाबलं. फार नाही, काट्यावर तीस-बत्तीस भरलं असतं. तळ फाटल्याचं तिला कळलं. सळई पुढे गेली, चौथी खूण बुडाली आणि पाचवी काठाशी आली. हिरव्या कापडाखालचा श्वास एकदा अडखळला आणि पुन्हा लागला.

"पाच," ती म्हणाली.

लिहिणाऱ्यानं लिहिलं. "रक्त?" त्यानं विचारलं, तक्त्यात तशी चौकट होती.

"आहे."

"जुळलं की, ताई," धाकटा डॉक्टर म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता, त्याला खरोखर तिची काळजी वाटत होती. दाराशी आकडेवाल्यानं खिशातून हात काढले आणि तो निघून गेला. ती मान वाकवून पुढच्या दाढेकडे वळली, कारण त्या बाजूच्या दोन दाढा अजून राहिल्या होत्या आणि अर्धवट तक्ता चालत नाही. तीन, दोन, तीन; तीन, चार, तीन. हे सगळे आकडे तिनं बरोबर सांगितले.